नाक मुरडण्याचा अधिकार



व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी जरा काळजीच्या सुरात विचारलं, ‘खाण्यावर बोलणार, म्हणजे हलकंफुलकंच ना?’ मी म्हटलं, सुरुवात तशी होईल, पुढचं सांगता येत नाही. आपल्याकडे देव आहे की नाही यावर माणसं रात्रभर शांतपणे वाद घालू शकतात. शेजारच्या बिऱ्हाडात सुकट भाजायला घेतली की मात्र खिडक्या धाडकन बंद होतात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी गावात पंगती एकत्र बसवण्यासाठी हाडाची काडं केली. त्यांच्या नावानं बोलायला उभं राहून ताटाचा विषय टाळणं मला जमलं नसतं.

जगात लोक काय काय विचित्र खातात याची यादी करणं सोपं आहे. सार्डिनिया बेटावर जिवंत अळ्या असलेलं चीज खातात, आइसलंडमध्ये आंबवलेला शार्क खातात. अशी यादी ऐकताना श्रोत्यांना गुदगुल्या होतात आणि आपण काय ते शहाणे, असं वाटत घरी जाता येतं. मी त्या वाटेला जाणार नाही. आपल्याच गल्लीत इतकं विचित्र शिजतं आणि इतकं नाकारलं जातं, की आइसलंडपर्यंत जायची गरज नाही.

बोंबलापासून सुरुवात करू. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर कोळी मंडळी डोल जाळ्यानं मासेमारी करतात. पिशवीसारखं निमुळतं होत जाणारं हे लांबलचक जाळं समुद्रात एका जागी पक्कं बांधून ठेवतात. माशांच्या मागे धावायचं नाही. भरती-ओहोटीचा ओढाच मासळी आत आणून टाकतो. त्यात बोंबील येतो, जवळा, करंदी, मांदेली येते. ताजा बोंबील हातात धरला तर लिबलिबीत लागतो, कारण त्याच्या वजनातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग नुसतं पाणी असतं. हॉटेलात आपण जो कुरकुरीत बोंबील मिटक्या मारत खातो, तो आधी चिरून, वजनाखाली दाबून, पाणी निथळवून मगच रव्यात घोळलेला असतो. बर्फ नसेल तर हा मासा फार वेळ तग धरत नाही. मग ऊन आणि वारा हाच आधार. थंडीत वर्सोवा, मढ, उत्तन, अर्नाळा या बाजूला गेलात तर बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर हजारो बोंबील लोंबताना दिसतील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात. बारीक, आत वळलेल्या दातांमुळे ती सुटत नाही. खिळा नको, सुतळी नको. ज्या कोणी हे पहिल्यांदा केलं असेल, तिला (ती बाईच असणार, कारण वाळवणाचं काम बायकांकडेच आहे) मी यंत्रशाळेतलं सुवर्णपदक दिलं असतं.

हे सारं कशासाठी? पावसाळ्यासाठी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. सरकार नव्हतं तेव्हा खवळलेला समुद्रच ती बंदी घालत होता. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा लोटेपर्यंत घर सुक्या मासळीवर चालवायचं. पण बोंबील किनाऱ्यावरच थांबला नाही. वाळल्यावर हलका होतो, टिकतो आणि स्वस्तही पडतो, म्हणून तो घाट चढून वर गेला. ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नाही अशी घाटावरची माणसं आठवडी बाजारातून सुकट-बोंबील आणतात. रानात जाताना ज्वारीच्या भाकरीवर भाजलेला, लसूण-मिरचीबरोबर ठेचलेला बोंबील असला की दुसऱ्या कोरड्यासाची गरज पडत नाही. गरिबाच्या ताटात प्रथिनं पोचवण्याचं जेवढं काम या कुरूप माशानं केलं, तेवढं कुठल्या योजनेनं केलं असेल, याची मला शंका आहे.

या माशाला परदेशातही एकदा दारं बंद झाली होती. १९९७ साली युरोपीय महासंघानं भारतातल्या मान्यताप्राप्त कारखान्यांतून न आलेली मासळी घ्यायला मनाई केली आणि उघड्यावर वाळणारा बोंबील त्या नियमात अडकला. ब्रिटनमधल्या बोंबीलप्रेमींनी त्याच्या बाजूनं चक्क मोहीम चालवली. पुढे मान्यताप्राप्त ठिकाणी बांधणी झाली असेल तर आणायला हरकत नाही, अशी तोड निघाली. मला या प्रसंगात एक गोष्ट आवडते. ब्रसेल्सच्या अधिकाऱ्यांचा आक्षेप कागदावर होता, त्याला उत्तर देता येत होतं. मुंबईतल्या सोसायटीच्या दारात मिळणाऱ्या नकाराला असा कागद नसतो. ‘तुमच्या घरात काय शिजतं?’ असं जागा दाखवतानाच विचारतात आणि मग ती जागा काल संध्याकाळीच गेलेली असते.

वासाबद्दल मी खोटं बोलणार नाही. सुकट भाजताना वास येतो, उग्र येतो, आणि ज्याला सवय नाही त्याचं डोकं उठू शकतं. त्यामागे ट्रायमिथिलअमाइन नावाचं एक रसायन असतं, मासा शिळा होऊ लागला किंवा वाळला की ते वाढतं. पण कच्च्या हिंगाची डबी नाकाशी धरून पाहा. त्यातली गंधकाची संयुगं नवख्या माणसाला पळवून लावायला पुरेशी आहेत. तरी हिंगाच्या फोडणीमुळे कुणाला जागा नाकारल्याचं मी ऐकलेलं नाही. वास किती उग्र आहे यापेक्षा तो कुणाच्या घरातून येतो याचा हिशेब आपलं नाक आधी करतं.

एकनाथांच्या चरित्रात एक कथा येते, ती तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. पैठणला नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चाललेला होता. तुपाचा, पक्वान्नांचा दरवळ रस्त्यावरून जाणाऱ्या महार कुटुंबाला आला आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. नाथांनी त्यांना आत बोलावून ते सारं अन्न वाढलं. मग ब्राह्मण जेवायला येईनात. कथेतला पुढचा चमत्कार बाजूला ठेवू. मला त्यातला वास महत्त्वाचा वाटतो. वाड्यातला वास बाहेर गेला तेव्हा बाहेरच्याला हाव सुटली आणि ती हाव हाच गुन्हा ठरला. वाड्याबाहेरचा वास आत येतो तेव्हा आतल्याला शिसारी येते आणि ती शिसारी त्याची संस्कृती ठरते. वारा एकच, पण दिशा बदलली की दोषी बदलतो. २०२३ साली पवईच्या आयआयटीत एका भोजनगृहातली सहा टेबलं शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखली गेली. त्याचा निषेध म्हणून तिथं बसून मांसाहार केल्याबद्दल दहा हजार रुपयांचा दंड झाला. देशातली सर्वांत हुशार म्हणून निवडलेली मुलं तिथं असतात. हुशारीचा आणि नाकाचा संबंध नसावा.

किळस जन्मजात असते, असं पुष्कळांना वाटतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८०च्या दशकात यावर मजेदार प्रयोग केले. एक झुरळ पूर्ण निर्जंतुक करून फळांच्या रसात बुडवून काढलं. धोका शून्य, हे समोर सांगितलं. तरी लोक रस पिईनात. लहान पोरांना मात्र अशी अडचण नसते. ती हाताला येईल ते तोंडात घालतात आणि ‘शी!’ कुठं म्हणायचं ते आईच्या चेहऱ्याकडे बघून शिकतात. मिरचीचंही तसंच. पहिल्यांदा तिखट खाणारं प्रत्येक मूल रडतं, आणि तरी खानदेशात, कोल्हापुरात त्याच मुलांची जिभेला झणझणीत चटका हवा असणारी मोठी माणसं होतात.

खरा धोका असलेलं अन्न आपण किती प्रेमानं खातो, हे बघायचं तर जूनच्या सुरुवातीला ठाणे-पालघरच्या बाजारात जा. आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा हा फुलोरा. नीट साफ न करता शिजवला तर घसा असा खाजतो की दिवसभर बोलवत नाही, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडं नावाची आंबट रानफळं घालायची. ती त्याच बाईकडे शेजारच्या वाट्यात मिळतात. या भाजीसाठी जीव टाकणारे कोण? मुंबईतले चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू. सोडे किंवा खिमा घालून केलेलं शेवळं वर्षातून एकदा झालं नाही तर त्यांना पावसाळा लागल्यासारखं वाटत नाही. घसा खाजवणारी, जंगलातली, आदिवासी बाईनं आणलेली ही भाजी मुंबईच्या पांढरपेशा घरात मानाची ठरते, आणि कधी कुणाचा घसा न खाजवणारा बोंबील त्याच इमारतीच्या जिन्यात संशयित ठरतो. ज्यांना अन्नाची आवड-निवड निव्वळ आरोग्यावरून ठरते असं वाटतं, त्यांनी या दोन गोष्टी एका ताटात वाढून बघाव्यात.

आता स्वखुशीच्या नकाराबद्दल थोडं. त्यात आपण मराठी माणसं फार कल्पक. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. म्हणून आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी साजरी करून कांद्याची भजी, थालीपीठं, कांदेभात चापून घ्यायचा. श्रावण सुरू होण्यापूर्वीच्या अवसेला काय होतं ते सभ्य व्यासपीठावरून सांगायला नको. वांगं परत येतं ते मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून. आणि उपवास? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची, यांतली एकही वनस्पती आपली नाही. सगळ्या अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे आलेल्या. घरचा गहू-तांदूळ उपवासाला चालत नाही, पाहुणे चालतात. मला या सगळ्यात खोट दिसत नाही. ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, धरायचं त्यानं धरावं. सोडण्याचीही एक मौज असते. फक्त हे ध्यानात असावं की अशा नकारात परतीची तारीख आधीच ठरलेली असते.

पुण्यात एकदा हा खेळ अंगाशी आला. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते. कुणी चहा प्यायले, कुणी कप हातात घेऊन बाजूला ठेवला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी ‘पुणेवैभव’ पत्रात हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशी, ग्रामण्य, प्रायश्चित्त, सगळं झालं. या चहानं पुरुषांची वर्तमानपत्री भांडणं झाली, पण त्याची झळ घरातल्या बायकांना लागली. सणावाराला कोण बोलावणार, पोरीबाळींचं कसं होणार, हे त्यांना बघावं लागलं. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत ती घुसमट वाचायला मिळते. चहाच्या चवीबद्दल मात्र त्या अख्ख्या वादात कुणी चकार शब्द काढला नाही.

काही अन्नं लोकांनी नाकारली नाहीत, सरकारनं नाकारायला लावली. मोहाची फुलं घ्या. वसंतात झाडाखाली पडलेली, गोड, मांसल फुलं वेचून वाळवायची आणि धान्य संपल्यावर त्यांच्यावर दिवस काढायचे, हे ठाणे-कुलाब्यापासून गोंडवनापर्यंतच्या आदिवासींचं ठरलेलं होतं. त्याच फुलांची दारूही होते. ही घरची दारू इंग्रजांच्या अबकारी महसुलाच्या आड येत होती. मग १८९२ साली मुंबई सरकारनं कायदा केला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांच्या विक्रीवर आणि साठवणीवर निर्बंध आणले. दारू नको म्हणून अन्नाच्या कोठीवर कुलूप. पुढे सुशिक्षितांच्या तोंडी ‘मोह’ म्हटलं की फक्त दारूच आली, ती फुलं भाकरीतही जातात हे विसरलं गेलं.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात लाल मुंग्यांची चापडा चटणी करतात. या मुंग्या पानं शिवून झाडावर घरटी बांधतात. त्यांच्या अंगातल्या फॉर्मिक ॲसिडमुळे चटणीला छान आंबटपणा येतो. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच ‘काई चटणी’ला जानेवारी २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शहरातली मंडळी आता ती चाखायला मागतात, फोटो काढतात. अन्नाला सरकारी शिक्का लागला की किळस कशी झटकन विरघळते! मुंगी तीच, आंबटपणा तोच.

इथवर मी नाक मुरडणाऱ्यांबद्दल बोललो. ज्यांना नाक मुरडायची मुभाच नव्हती, त्यांच्याबद्दल आता बोलायचं आहे.

१९७२चा दुष्काळ या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. अमेरिकेतून लाल ज्वारी आली होती, मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या लोकांनी तिच्या भाकऱ्या केल्या, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली, पोरं जगवली. त्या पिढीतली कितीतरी माणसं नंतर हातात पैसा आल्यावर सुकडीचं नावही काढू देत नव्हती. चव वाईट होती म्हणून असं नव्हे. सुकडी गोड असते, मला विचाराल तर चांगली लागते. त्यांना तिच्यात रांग आठवायची, हजेरीपटावरचा मुकादम आठवायचा.

आणि याच्याही खोल गेलं की मेलेल्या ढोराचं मांस येतं. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारांचं काम म्हणून ठरवलेलं, आणि त्याचं मांस हा त्या कामाचा मोबदला. रोज ओलं मांस मिळत नाही, म्हणून जे मिळालं ते टिकवायचं: मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालायच्या, त्या चान्या. भाजून, तळून किंवा कालवणात घालून टंचाईच्या महिन्यांत पुरवायच्या. किनाऱ्यावर बोंबील वाळवणारी बाई आणि मराठवाड्यात चान्या वाळवणारी बाई दोघी एकच शहाणपण वापरत होत्या. फरक असा की एकीचा नवरा मासे धरून आणायचा आणि दुसरीच्या वाट्याला गावानं टाकून दिलेलं यायचं.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपण चवदार तळं लक्षात ठेवतो, पण त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मृतमांस खाऊ नका, उष्टं-शिळं मागून आणू नका, असं सांगितलं. पाणी पिण्याचा हक्क आणि हे खाणं सोडण्याचा आग्रह एकाच मांडवात एकत्र आले. शेकडो वर्षं जे इतरांनी ठरवून पुढ्यात टाकलं, ते ‘नको’ म्हणण्याची ताकद हीच तिथली क्रांती होती. बाबासाहेबांनी पुढे १९४८च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळच गोमांस खात राहण्याशी जोडलं. समाजानं गाय पवित्र ठरवल्यावर जे मेलेली गाय खात राहिले त्यांना बाहेर टाकण्यात आलं, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्याशी सहमत व्हा किंवा नका होऊ, एवढं मानावंच लागतं की या माणसानं स्वयंपाकघराचा इतिहास समाजाच्या इतिहासाइतक्याच गांभीर्यानं वाचला.

म्हणून सोसायटीच्या सचिवाचा नकार आणि महाडच्या मांडवातला नकार मला एका तागडीत घालता येत नाहीत. दोघंही ‘हे नको’ म्हणतात. पहिला दुसऱ्याच्या ताटाबद्दल बोलतो, दुसरा स्वतःच्या. शाकाहार, मांसाहार, पवित्र, अपवित्र हे शब्द आपण घोळवत बसतो. बोट कुणाच्या ताटाकडे आहे ते आधी बघा, असं माझं म्हणणं आहे.

पण गोष्ट महाडला संपत नाही, आणि इथं ती अवघड होते. आजीनं शपथ घेऊन जे सोडलं, त्याची कृती नातवाला लिहून ठेवावीशी वाटली तर? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून तेच केलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजायचं, कसं शिजायचं, तेल-मसाला हाताशी नसताना चव कुठून आणायची, चान्या कशा करायच्या, जनावराचा कुठला भाग कशासाठी, हे त्यांनी लाज न बाळगता आणि हौसही न मिरवता नोंदवलं. मराठीत पाककृतींच्या पुस्तकांचे ढीग आहेत. त्यांत बेसनाच्या लाडवांचे दहा प्रकार सापडतील. हा स्वयंपाक मात्र कुणी ‘मराठी’ म्हणून छापला नव्हता. २०२४मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि मग इंग्रजी वर्तमानपत्रांतून अनेकांना या पुस्तकाचा पत्ता लागला. आपल्याकडे असंच होतं.

हे पुस्तक म्हणजे महाडच्या आवाहनाशी द्रोह, असं काही जणांना वाटू शकतं. त्यांची अस्वस्थता मला समजते. ज्या अन्नाला अपमानाचा वास आहे त्याच्या कृती कशाला जपायच्या? मला मात्र वाटतं की आजीला नकाराचा हक्क मिळाला म्हणूनच नातू नोंद करू शकला. ते अन्न खावंच लागत होतं तोवर त्याबद्दल लिहिणं शक्य नव्हतं. ते निव्वळ पोट भरणं होतं. सोडता आलं, तेव्हा त्यातलं कौशल्य दिसायला लागलं. एवढ्या टंचाईत एवढी चव काढणारे ते हात कुणाचे होते, हा प्रश्न विचारता आला.

त्याच २०१५ सालच्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्राणी रक्षणाचा सुधारित कायदा लागू झाला. गायीच्या कत्तलीवर आधीच असलेली बंदी बैल आणि वळूपर्यंत वाढली. म्हणजे ज्या वर्षी त्या कृती छापून आल्या, त्याच वर्षी त्यांतला मुख्य जिन्नस राज्यातल्या बाजारातून उठला. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून कायदेशीरपणे आणलेलं मांस घरात बाळगण्यावरची बंदी रद्द केली आणि त्यासाठी माणसाच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा आधार घेतला. या निकालाविरुद्धची अपिलं सर्वोच्च न्यायालयात गेली. महाडच्या मांडवातल्या श्रोत्यांना कुणी सांगितलं असतं की तुमच्या पणतवंडांच्या ताटातलं कालवण घटनेच्या कलमांनिशी लढवलं जाईल, तर ते हसले असते की नाही, मला ठरवता येत नाही.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत. बोंबलाच्या चटणीची कृती विचारणाऱ्यांनी कृपया रांगेत मागे थांबावं. कायद्यावरचे प्रश्न आधी घेऊ.